मेस्त्रींचा कॅमेरा

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पुण्याच्या मंडईत शिरावयाचे म्हणजे छातीचा कोट करावा लागतो. पणत्या, केरसुण्या, झेंडूचे ढीग, आकाशकंदिलांच्या माळा आणि या साऱ्यांतून वाट काढणारी माणसे! गेल्या वर्षी मुलाच्या मोटारीतून मी तेथे गेलो आणि आम्ही गाडी लावली ती 'आर्यन' वाहनतळावर. पावती देणाऱ्या पोराला मी सहज विचारले, "काय रे, याला आर्यन का म्हणतात?"

"काय की आजोबा," तो म्हणाला, "कुणाच्या तरी पोराचं नाव असंल!"

मुलगा हसला, मीही हसलो. त्या पोराची चूक नव्हती. हल्ली दर चाळीत, दर सोसायटीत एक तरी आर्यन असतोच. परंतु पणत्यांची पिशवी घेऊन परत येईपर्यंत ते उत्तर माझ्या मनात घोळत राहिले. कारण त्या जागी पूर्वी आर्यन नावाचे चित्रपटगृह उभे होते. १९८३ साली ते पाडण्यात आले. आणि त्याच चित्रपटगृहात ७ फेब्रुवारी १९२० या दिवशी 'सैरंध्री' नावाचा मूकपट प्रथम दाखविण्यात आला होता. तो कोल्हापुरात तयार झाला होता. एवढेच नव्हे, तर ज्या कॅमेऱ्याने तो टिपला, तो कॅमेराही कोल्हापुरातच, दोन-चार माणसांनी आपल्या हातांनी घडविलेला होता!

तो घडविणाऱ्या माणसाचे नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. लोक त्यांना ओळखत बाबूराव पेंटर म्हणून.

मी जन्माने कोल्हापूरचा आणि पेशाने चित्रकलेचा मास्तर. चौतीस वर्षे शाळेत मुलांना पेन्सिल धरावयास शिकविली. त्यामुळे बाबूरावांविषयी दोन शब्द लिहिण्याचा थोडासा अधिकार मला आहे असे मी मानतो. चित्रपटाचा अधिकार म्हणाल तर मुळीच नाही. पण मास्तरकीचा आहे, आणि बाबूरावांची खरी गोष्ट मास्तरकीचीच गोष्ट आहे, असे माझे मत होत चालले आहे.

त्यांचा जन्म १८९० साली ३ जून रोजी कोल्हापुरात झाला. घराणे कारागिरांचे. लाकूड, लोखंड, माती, रंग यांच्याशी हातांची ओळख आधी आणि अक्षरांशी नंतर, असा प्रकार. शाळेशी त्यांचे फारसे जमले नाही. पण त्या काळचे कोल्हापूर हीच एक मोठी शाळा होती. गादीवर शाहू महाराज. दरबारात अल्लादिया खाँसाहेबांसारखा गवई. आबालाल रहिमानांसारखा चित्रकार. आणि केशवराव भोसल्यांची 'ललितकलादर्श' नाटक मंडळी. गावाला 'कलापूर' म्हणण्याची पद्धत पुढे पडली ती काही उगीच नव्हे.

बाबूराव आणि त्यांचे आतेबंधू-मामेबंधू म्हणावेत इतके जिवलग असलेले नात्यातले बंधू आनंदराव, हे दोघे नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवीत. आजच्या वाचकांना या पडद्यांची कल्पना यावयाची नाही. राजवाडा, अरण्य, रस्ता, नदीकाठ असे सारे विश्व कापडावर रंगवावयाचे आणि ते असे की, मागच्या बाकावर बसलेल्याला त्या रस्त्यावरून चालत जावेसे वाटले पाहिजे. सपाट कापडावर खोली दाखविणे ही चित्रकाराची सर्वांत अवघड परीक्षा. या दोघा भावांनी ती अशी काही दिली की, 'पेंटर' हे त्यांचे आडनावच होऊन बसले.

इतक्यात १९१३ साल उजाडले आणि दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. फाळक्यांनी विलायतेस जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला होता. या कोल्हापूरकरांनी ते चित्र पाहिले, आणि हलते चित्र आपणही काढावे या वेडाने त्यांना झपाटले. पण विलायतेस जाण्याइतके पैसे कोठले? तेव्हा त्यांनी कारागिराने करावे तेच केले. मुंबईच्या जुन्या बाजारातून चित्रे दाखविण्याचे एक यंत्र विकत आणले आणि त्याची रचना समजून घ्यावयास सुरुवात केली.

यात गंमत अशी आहे की, चित्र दाखविणारे यंत्र आणि चित्र घेणारे यंत्र ही एकाच घरातली सख्खी भावंडे आहेत. दोहोंतही फिल्मची पट्टी सलग सरकून चालत नाही. एका चित्रापुरती ती पुढे आली पाहिजे, भिंगासमोर क्षणभर अगदी निश्चल थांबली पाहिजे, आणि पुन्हा सरकताना मधली झडप मिटली पाहिजे. हे सारे एका सेकंदात सुमारे सोळा वेळा, आणि तेही हाताने दांडा फिरवून! पट्टीच्या कडेला भोके असतात, एका चित्रामागे चार. त्यांत आकड्यांनी शिरावयाचे, पट्टी ओढावयाची आणि अलगद बाहेर पडावयाचे. केसभर चुकले की चित्र थरथरते. आणखी थोडे चुकले की पट्टी फाटते. हे ज्ञान पुस्तकातून मिळविणे कठीण. लेथवर उभे राहून, चुकून, पुन्हा चुकून मिळविणे त्याहून कठीण.

१९१६ साली आनंदराव वारले. कॅमेरा अर्धवट, पैसा संपलेला आणि जोडीदार गेलेला. येथे गोष्ट संपावयास हरकत नव्हती. अशा कितीतरी गोष्टी आपल्याकडे माळ्यावरच्या अडगळीत संपलेल्या आहेत. पण बाबूरावांच्या हाताखाली विष्णुपंत दामले नावाचा एक तरुण होता. पडदे रंगविण्याच्या कामातून आलेला, कमी बोलणारा आणि यंत्रात डोके चालणारा. गुरुशिष्यांनी मिळून नेट धरला आणि १९१८ साली तो कॅमेरा चालू झाला.

कॅमेरा झाला, पण त्याच्या पोटात घालावयाची फिल्म, माणसांचे पगार, जागा यांना पैसा हवाच. तो दिला तानीबाई कागलकर या गायिकेने. मोठमोठ्या पेढ्यांना जे सुचले नाही, ते अल्लादिया खाँसाहेबांच्या तालमीत तयार झालेल्या एका गाणाऱ्या बाईला सुचले, ही गोष्ट आपल्या इतिहासकारांनी थोडी ठळक अक्षरांत लिहावयास हवी. अशा रीतीने 'महाराष्ट्र फिल्म कंपनी' उभी राहिली, आणि तिचे पहिले चित्र 'सैरंध्री'.

'सैरंध्री'ची कथा म्हणजे विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेली द्रौपदी, तिच्यावर वाईट नजर ठेवणारा कीचक आणि भीमाने केलेला त्याचा वध. याच कथेवर काकासाहेब खाडिलकरांनी 'कीचकवध' नाटक लिहिले होते. ते १९०७ साली रंगभूमीवर आले. त्यातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षकांनी बरोबर ओळखले. सरकारनेही ओळखले आणि १९१० साली नाटकावर बंदी घातली. आता तोच कीचक बंदीच्या त्या आठवणीसह पुण्याच्या पडद्यावर मरणार होता! वधाचा प्रसंग इतका हुबेहूब उतरला होता की, प्रेक्षक हादरले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. पुढे सहाच महिन्यांत, १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य गेले. त्यांनी आयुष्याच्या अखेरीस ज्या नव्या गोष्टीची पाठ थोपटली, ती ही होती.

आणखी एक गोष्ट. त्या काळी सिनेमात काम करणे कुलीन घरच्या बायकाच काय, पण इतर बायकाही कमीपणाचे समजत. फाळक्यांना तारामतीच्या कामासाठी साळुंके नावाच्या पुरुषाला उभे करावे लागले होते; पुढच्या चित्रात त्यांना दुर्गाबाई आणि कमलाबाई या मायलेकी लाभल्या, तो अपवाद. 'सैरंध्री'त बाबूरावांनी गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींना घेतले. त्यांची पडद्यावरची नावे झाली कमलादेवी आणि सुशीलादेवी. त्यांच्या माणसांनी त्यांना दूर केले, तेव्हा कंपनीचे आवार हेच त्यांचे घर झाले. कॅमेऱ्याच्या कौतुकात या दोघींचे धाडस आपण विसरू नये.

आता चित्रकार म्हणून मला जे सर्वांत मोठे वाटते ते सांगतो. ज्या माणसाने पडदे रंगवून नाव मिळविले, त्यानेच सिनेमातून रंगविलेले पडदे खाली उतरविले! नाटकात दिव्यांच्या पिवळ्या उजेडात कापडावरचा खांब खरा वाटतो. कॅमेऱ्याच्या डोळ्याला तो कापडच दिसतो. हे बाबूरावांनी ओळखले आणि पडद्यांच्या जागी खरे खांब, खऱ्या कमानी, चालण्याफिरण्यासारखे महाल उभे केले. प्रसंग घेण्यापूर्वी ते त्याची चित्रे काढीत. पोशाख, दागिने, पात्रांची उभे राहण्याची जागा हे सारे आधी कागदावर. ज्या विद्येने आपल्याला भाकरी दिली, तीच नव्या कामात आड येते आहे हे कबूल करणे किती कठीण असते, हे मी माझ्या व्यवसायात पुष्कळ पाहिले आहे. मला स्वतःला ते फारसे जमले नाही.

१९२३ साली 'सिंहगड' आला. त्यात शिवाजी महाराज झाले स्वतः बाबूराव, आणि शेलारमामा झाला शांताराम वणकुद्रे नावाचा एकवीस-बावीस वर्षांचा पोरगा. रात्रीच्या लढाईसाठी बाबूरावांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. तोवर आपल्याकडे सूर्य हाच दिवा होता. ढग आले की काम बंद! १९२४ साली लंडनजवळ वेम्ब्ली येथे भरलेल्या प्रदर्शनात त्यांच्या 'कल्याण खजिना'ला पदक मिळाले. चित्रांच्या जाहिरातीची भित्तिचित्रेही बाबूराव स्वतः रंगवीत. त्यांच्यापुढे लोक थांबत, ते चित्राच्या नावापेक्षा रंगांच्या मोहाने.

आणि मग १९२५ साली त्यांनी 'सावकारी पाश' काढला.

देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या त्या दिवसांत हा गृहस्थ कॅमेरा घेऊन कुणब्याच्या झोपडीपुढे जाऊन उभा राहिला! कर्जापायी जमीन गमावलेला शेतकरी शहरात जातो आणि गिरणीचा मजूर होतो, एवढीच कथा. पण ही कथा प्रेक्षकांपैकी किती घरांची होती! १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, ते बंड दख्खनभर पसरले, आणि १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. कायदा झाला, पाश सुटला नाही. बाबूरावांनी तोच पाश पडद्यावर दाखविला. शेतकऱ्याचे काम केले शांतारामाने.

त्या चित्रातला एक प्रसंग जे. बी. एच. वाडिया यांच्यासारख्या मुंबईच्या नामांकित चित्रपटकाराला पुढे कित्येक वर्षांनीही आठवत होता. अंधुक उजेडातली एक उदास झोपडी, आणि एका कुत्र्याचे रडणे. वाचकहो, जरा थांबून विचार करा. हा मूकपट होता! पडद्यावर आवाज नव्हताच. आणि तरीही पाहणाऱ्याच्या आठवणीत राहिले ते कुत्र्याचे रडणे. रंगरेषांनी आवाज ऐकवावयाचा, याहून चित्रकाराने अधिक काय साधावे?

लोकांनी मात्र या चित्राला उचलून धरले नाही. दिवसभर सावकाराच्या ओसरीवर बसून आलेल्या माणसाला रात्री दोन आणे टाकून पुन्हा सावकारच पाहावयाचा नव्हता. त्याला कृष्ण हवा होता. त्यात त्याचा तरी काय दोष? बाबूराव पुन्हा पुराणांकडे आणि इतिहासाकडे वळले.

पण कंपनीच्या आवारात एवढ्या अवधीत निराळेच काही तयार झाले होते. दामले कॅमेरा आणि यंत्रे जाणत होते. साहेबमामा फत्तेलाल नेपथ्य आणि रंग जाणत होते. केशवराव धायबर छायाचित्रण शिकले होते. आणि १९२० साली पडेल ते काम करण्यासाठी आलेल्या शांतारामाने अभिनयापासून संकलनापर्यंत सारे डोळ्यांनी पिऊन टाकले होते. बाबूराव शिकवीत कसे? बहुधा शिकवीत नसतच. ते काम करीत आणि इतरांना जवळ उभे राहू देत. कारागिराच्या घरात मुलगा असाच शिकतो.

पण अशा घरात एक दिवस असाही येतो की, मुलाला स्वतःची पेटी हवी असते. धन्याचे काम संथ असते, तो आपल्या मनासारखे झाल्याखेरीज हात उचलीत नाही, आणि तरुणांना घाई असते. पैशांची ओढाताण होतीच. १९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम बाहेर पडले. सीतारामपंत कुलकर्णी यांच्या साहाय्याने १ जूनला त्यांनी कोल्हापुरातच 'प्रभात फिल्म कंपनी' काढली. ज्या हातांवर गुरूची भिस्त होती, ते हात एकाच वेळी उठून गेले. बोलपटाचे युग सुरू होता होता महाराष्ट्र फिल्म कंपनीही मिटली.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १९३२ साली 'अयोध्येचा राजा'. १९३३ साली 'प्रभात'चे पुण्यास प्रयाण. १९३६ साली दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम', जो मुंबईत एकाच चित्रपटगृहात ५७ आठवडे चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. त्यातले देहू पाहा, तिथली घरे, म्हैस, आवलीची चूल पाहा. ज्यांनी 'सावकारी पाश' तयार होताना जवळून पाहिला, त्यांच्याच हातून हे उतरले. लोकांना अकरा वर्षांपूर्वी जे नको होते, ते आता त्यांनी डोक्यावर घेतले. त्याच १९३६ साली बाबूरावांनी स्वतःचा 'सावकारी पाश' बोलपट करून पुन्हा काढला, हा योगायोग मला नेहमी चटका लावतो. शिष्यांची पालखी निघाली होती, आणि गुरू आपली जुनी ओवी पुन्हा म्हणून पाहत होता.

शिष्यांनी गुरूला फसविले काय? मला तसे वाटत नाही. माझे कित्येक विद्यार्थी माझ्यापेक्षा चांगली चित्रे काढतात. त्यांच्या प्रदर्शनात मी जातो तेव्हा आनंद होतो, आणि घरी परतताना थोडे एकटे वाटते. दोन्ही खरे असते. बाबूरावांच्या मनात काय होते हे सांगण्याचा अधिकार मला नाही. ते चित्रकलेत आणि शिल्पकलेत रमले, अधूनमधून चित्रपट करीत राहिले, एवढे खरे. १९४७ साली शांतारामबापूंनी आपल्या 'राजकमल'साठी त्यांच्याकडे 'लोकशाहीर रामजोशी' सोपविला. त्याच्या दिग्दर्शनात गुरूबरोबर शिष्याचेही नाव घेतले जाते. अठरा वर्षांपूर्वी एका दारातून निघून गेलेला मुलगा दुसऱ्या दाराशी वाट पाहत उभा होता, असे मला त्यात दिसते. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव निवर्तले.

आता शेवटची आणि कठीण गोष्ट. मला कुणी म्हणाले, "मास्तर, बाबूरावांचा 'सैरंध्री' दाखवा," तर मी तो दाखवू शकत नाही. मूक 'सावकारी पाश'ही नाही. आपल्या देशात सुमारे १३०० मूकपट निघाले. त्यांतले आज जेमतेम दोन-तीन डझन, तेही बहुतेक तुटके, शिल्लक आहेत. तेव्हाची फिल्म भराभर पेट घेणाऱ्या पदार्थाची असे; ठेवली तर कुजे; आणि जुन्या पट्ट्या धुऊन त्यांतली चांदी काढून विकणारेही होते. बाबूरावांच्या मूकपटांपैकी 'मुरलीवाला'सारख्या १९२७ सालच्या एखाद-दुसऱ्या चित्राचे अवशेष तेवढे राहिले. एवढा मोठा दिग्दर्शक, आणि त्याच्या कामाचा पुरावा म्हणजे दुसऱ्यांच्या आठवणी!

मग त्यांचे काम गेले कोठे? त्याचा एक माग मात्र अगदी स्पष्ट दिसतो. पुण्यास 'प्रभात'ने जो स्टुडिओ बांधला, त्याच जागी १९६० साली चित्रपट शिकविणारी सरकारी संस्था सुरू झाली. देशाच्या कानाकोपऱ्यांतील मुले तेथे आजही कॅमेरा हाताळावयास शिकतात. १९६४ साली पुण्यातच चित्रपटांचे सरकारी संग्रहालय निघाले. त्या आवारातून मागे चालत गेले की 'प्रभात' लागते. 'प्रभात'मधून मागे गेले की महाराष्ट्र फिल्म कंपनी. आणि तिच्याही मागे गेले की कोल्हापुरातली एक खोली, एक लेथ, उघडून ठेवलेले एक यंत्र, आणि मेलेल्या भावाचे काम पुरे करावयास बसलेला एक मेस्त्री. चित्रे जळाली, हात राहिले. एका हाताने दुसऱ्या हाताला दिलेले जळत नाही.

यंदाही दिवाळीच्या खरेदीला मंडईत जावयाचे आहे. गाडी तेथेच लावू. तो पोरगा पावती देईल तेव्हा त्याला सांगणार आहे, "बाबा रे, आर्यन हे कुणाच्या पोराचे नाव नव्हे. तू उभा आहेस ना, येथे कोल्हापूरच्या एका मेस्त्रीने हाताने केलेल्या कॅमेऱ्याचे चित्र लागले होते." त्याने ऐकले तर ठीकच. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजविले, तर पुढच्या वर्षी पुन्हा सांगेन. मास्तरकीची सवय आहे; ती सुटावयाची नाही.